परत आलेला पंचाक्षरी

आमच्या धर्मापुरीत पंचाक्षरी दोनदा जन्मला. पहिल्यांदा जन्मला तो नऊ वर्षं जगून तापानं गेला. दुसऱ्यांदा जन्मला तो आज छप्पन्न वर्षांचा आहे आणि पेठेत त्याचं किराणा दुकान आहे. गावाच्या मते ही दोन माणसं नाहीत, एकच आहे. मी छत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं. मेलेलं माणूस परत येत नाही, एवढं तर मला कळत होतं. तरी गावाचं हे मत खोडायला मी कधी तोंड उघडलं नाही. त्याचं कारण लिहायचं म्हणूनच बसलोय, पण आधी माणूस सांगतो.

पंचाक्षरी उंचीनं बेताचा. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अंगात बंडी, आणि बंडीच्या खिशात कायम एक टेस्टर. वाणी लोकांच्या खिशात पेन असतं, याच्या खिशात टेस्टर. साखर न्यायला आलेल्या माणसाच्या हातात बंद पडलेली बॅटरी दिसली की हा तराजू तसाच सोडून बॅटरी उघडून बसायचा. गिऱ्हाईक ओरडायचं, "आप्पा, आधी साखर द्या की." हा म्हणायचा, "साखर कुठं पळून चाललीय?" त्याच्या बापानं उभं केलेलं दुकान त्यानं बुडवलं नाही, पण वाढवलंही नाही. दुकानात त्याचा जीव कधी नव्हताच. तो बसायचा, कारण पहिला पंचाक्षरी बापाच्या मांडीवर बसून गल्ल्यातली नाणी लावायचा, आणि त्याची आई कावेरीबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "माझ्या लेकराला दुकानाचा लई नाद, पहिल्यापासून."

"पहिल्यापासून" म्हणजे कुठल्या पहिल्यापासून, हे तिला कुणी विचारत नसे.

पहिल्याला वांगं चालायचं नाही, म्हणून दुसऱ्याला कुणी वांगं वाढलं नाही. गावात कुठंही पंगत असो, वाढपी त्याच्यापाशी आला की वांग्याची बादली बाजूला करणार आणि म्हणणार, "आप्पाला बटाटा आणा." एकदा माझ्या घरी आला असताना माझ्या बायकोला हे ध्यानात राहिलं नाही. तिनं भरलं वांगं वाढलं. पंचाक्षरीनं इकडंतिकडं पाहिलं, खाल्लं आणि आणखी दोनदा मागून घेतलं. हात धुताना मला हळूच म्हणाला, "गुर्जी, आईला सांगू नका." तेव्हा तो चाळिशीचा होता आणि मला हसू आवरलं नव्हतं. आता आठवलं की हसल्याचीच लाज वाटते.

पहिला गेला तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्याला मामाच्या गावी लातूरकडं नेलं होतं, तिथं एक रात्र राहिला, ताप भरला, आणि परत आणलं ते तिसऱ्या दिवशी त्याला मूठमाती देण्यासाठी. कावेरीबाईनं अंथरूण धरलं. वर्षभरात दुसरा मुलगा झाला, पण तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "हा माझा न्हाई. माझा गेला." दूध पाजेना. चार-पाच दिवस शेजारच्या बाया शेळीच्या दुधात कापूस बुडवून पोराच्या तोंडात पिळत होत्या. पोर सुकत चाललं होतं.

मग तिच्या सासूनं, जानकीबाईनं, आणि माझ्या आईनं, वत्सलाबाईनं, एक मार्ग काढला. आमची घरं भिंतीला भिंत लागून. पहिल्या पंचाक्षरीच्या उजव्या कानामागं तीळ होता, चांगला ज्वारीच्या दाण्याएवढा. गावात गोंदणारीण आली होती. तिला मागच्या दारानं आमच्या घरात घेतलं. आईनं बाळ मांडीवर घेतलं, जानकीबाईनं डोकं धरलं, आणि पाय धरायला मी. सहा वर्षांचा होतो. गोंदणारणीनं काजळात सुई बुडवून त्या पोराच्या कानामागं टोचलं. माझ्या मुठीत ते पाय कसे झटके देत होते ते मला अजून आठवतं. दोन दिवसांनी सूज उतरल्यावर जानकीबाई बाळाला घेऊन सुनेपुढं गेली आणि म्हणाली, "अगं बघ, तोच आलाय. खूण घेऊन आलाय." कावेरीबाईनं कान वळवून पाहिला. हंबरडा फोडला आणि पोराला पदराखाली घेतलं.

पोर वाचलं. त्या दोघींनी केलं ते पोर वाचावं म्हणून केलं, आणि मी त्यांना आजही दोष देत नाही. आईनं मला देवळात नेऊन शपथ घ्यायला लावली. "हे बोललास तर कावेरी मरंल," म्हणाली. मी घेतली. नाव अर्थातच पंचाक्षरी ठेवलं. पहिल्याचे कपडे त्याला आले, पहिल्याची पाटी आली, पहिल्याचा स्वभाव आला. आणि पहिला परगावी रात्र काढून मेला, म्हणून दुसऱ्यानं परगावी रात्र काढायची नाही, हा नियम आला. दुकानाचा माल भरायला तो परळीला जायचा तो सकाळच्या जीपनं, आणि दिवेलागणीला परत. त्याचं लग्नसुद्धा असं गाव बघून ठरवलं की वऱ्हाड त्याच दिवशी घरी येईल. तो उशीर करतोय असं दिसलं की गावातली कुणीही बाई त्याला हटकायची, "आप्पा, घरी जा, आई वाट बघती." कुणी धाक घातला नाही. सगळे मायेनंच बोलायचे.

आता मुख्य गोष्ट. त्याला लहानपणापासून रेडिओ उघडायचा नाद. बारावी झाल्यावर त्यानं कुणाला न सांगता औरंगाबादला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या शिक्षणाला अर्ज केला आणि नंबर लागला. सत्याऐंशी साल. दोन वर्षांचं शिक्षण, राहायला वसतिगृह. कावेरीबाईनं पत्र ऐकलं आणि जेवण सोडलं. तिसऱ्या दिवशी पंचाक्षरी ते पत्र घेऊन शाळेत आला. मधली सुट्टी होती. मी तेव्हा नोकरीत तीन वर्षांचा, फळ्यावर बेडकाच्या हृदयाची आकृती काढत होतो. तो दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "गुर्जी, तुमी विज्ञान शिकवता. मला एकच सांगा. मी खरंच तो हाय का?"

माझ्या हातात खडू होता. वर्गात दुसरं कुणी नव्हतं. आईची शपथ आठवली हे खरं, पण ती काही एवढी जड नव्हती. मी नुसतं "नाहीस" म्हटलं असतं तर पुरलं असतं. गोंदणाचं सांगायचीही गरज नव्हती. कुठल्याही विज्ञानाच्या मास्तरानं कुठल्याही पोराला तेवढं सांगितलंच असतं.

मी म्हणालो, "हायस. गाव काय खोटं बोलतंय का?"

तो मान हलवून गेला. पत्राचं पुढं काय केलं ते त्यानं मला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात बसला तो आजवर बसलाय.

पुढं घरोघर टीव्ही आले, कॅसेटी आल्या, मग सीडी. पंचाक्षरीनं दुकानाच्या मागच्या खोलीत पोत्यांच्या मधे एक टीव्ही बसवला. दुपारी दोन ते चार दुकान बंद असायचं. शाळेला सुटी असली की मी जायचो, आणि निवृत्तीनंतर रोजच. हिंदीत उतरवलेले परदेशी विज्ञानपट आम्ही बघायचो. त्यातही त्याला एकाच प्रकारचे हवे असायचे: माणसाच्या नकला बनवलेल्या आहेत, आणि कुणीतरी लपून सगळ्यांना चालवतंय. तो परळीहून शोधून शोधून आणायचा. खरी नावं आमच्या ध्यानात राहत नसत, म्हणून आम्हीच नावं ठेवली होती. मिठाचा, घंटेचा, गल्लीचा.

'मिठाचा' म्हणजे मिठागरात शंभर मजूर राबताहेत आणि सगळे एकाच शिपायाच्या नकला. वर काचेच्या खोलीत मालक, खाली कुत्री आणि बंदुका. एकाला डबक्यात स्वतःचा चेहरा दिसतो, शेजाऱ्याचाही दिसतो, आणि मग अर्धा तास नुसती पळापळ. माझा हा आवडता. 'घंटेचा' म्हणजे एक मोठं शहर. घंटा झाली की सगळे जेवणार, घंटा झाली की झोपणार, नळाच्या पाण्यात औषध, आणि दर पाच वर्षांनी पुढाऱ्याच्या जागी त्याचीच नवी नक्कल. 'गल्लीचा' मात्र मला रटाळ वाटायचा. डोंगरातलं थंड गाव, एका बाईचं पोर मरतं, डॉक्टर तिला त्याची नक्कल करून देतो. बाईला माहीत नाही, पोराला माहीत नाही, पण गल्लीतल्या सगळ्यांना माहीत. कुणी सांगत नाही. शेवटपर्यंत कुणी पळतसुद्धा नाही. मी पहिल्याच खेपेला पोत्याला टेकून झोपलो होतो. त्यानं तो किती वेळा लावला असेल त्याला गणती नाही.

आमची तुलना चालायची ती अशी. मी मास्तर, मी चुका काढायचो. "नक्कल म्हणजे आधी बाळच जन्मतं बे, एकदम मिशा फुटलेला बाप्या कसा निघंल मशीनमधनं? आणि शरीर सारखं झालं म्हणून आठवणी कुठनं येतील?" तो मन लावून ऐकायचा.

"म्हणजे आठवणी येत न्हाईत?"

"कशा येतील?"

"मग त्याला वांगं आवडत न्हाई हे त्याला कसं कळलं?"

मी म्हणायचो, कुठल्या सिनेमात वांगं आलं, आणि विषय बदलायचो.

'घंटेचा' त्याला पटायचा नाही. "पाण्यात औषध कशाला टाकायला पाहिजे, गुर्जी? उगं खर्च. आपल्या गावात कुठं टाकलंय?" 'मिठाचा' मी डोक्यावर घेतला की तो वाद घालायचा. म्हणायचा, "तिथं बंदूक हाय. बंदूक दिसती, म्हणून पळता येतं. गल्लीच्यात तो कुणापासनं पळंल? समोर आई ताट घेऊन उभी." मी म्हणायचो, ताट पाहून कुणी सिनेमाचं तिकीट काढत नाही. तो हसायचा. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, टीव्ही बंद करताना विचारायचा, "गल्लीतल्या एकानं तरी सांगाया पाहिजे होतं का न्हाई?"

मी उत्तर द्यायचो, "सांगितलं असतं तर सिनेमा तिथंच संपला असता."

हे उत्तर मला फार चतुर वाटायचं. चारचौघांत दोनदा सांगूनही दाखवलं होतं.

माझी आई गेली, जानकीबाई तर कधीच गेली होती. गोंदणारीण कोण, कुठली, कुणास ठाऊक. कानामागच्या ठिपक्याचा साक्षीदार मी एकटा उरलो. पण कावेरीबाई होती. ती आहे तोवर बोलायचं नाही, असं मी मनाशी धरलं होतं आणि त्या धरण्यात मला मोठं पुण्यही वाटत होतं. दोन वर्षांपूर्वी ती लिंगैक्य झाली. नव्वदीला टेकली होती. शेवटच्या दिवशी पंचाक्षरीचा कान चाचपून म्हणाली, "परत जाऊ नको रे." तो म्हणाला, "न्हाई जात." मी शेजारीच उभा होतो. आता तर काही आडकाठी नव्हती. तरी एक वर्ष गेलं, दोन गेली. आज सांगू, उद्या सांगू. रोज दुपारी पोत्याला टेकून बसायचो आणि सिनेमातल्या चुका काढायचो.

यंदा त्याची लेक शिवगंगा बाळंतपणाला माहेरी आली. ती पुण्यात नोकरी करते. आजीचा विरोध मोडून त्यानंच तिला शिकायला धाडली होती, तेवढी एकच गोष्ट त्यानं आईच्या मनाविरुद्ध केली. मुलगी झाली. बारशाला बायका जमल्या. बाळाच्या मनगटावर लालसर डाग होता. कावेरीबाईच्या मनगटाला तव्याचा चटका बसल्याची खूण होती, हे गावात कोण विसरलं होतं? दोन म्हाताऱ्यांनी बाळाचा हात उजेडात धरला. एक म्हणाली, "खूण घेऊन आलीय. कावेरीच हाय ही. नाव दुसरं ठेवायचंच न्हाई." बाकीच्या माना हलवू लागल्या. शिवगंगाचं तोंड उतरलं.

पंचाक्षरी बाहेर पुरुषांत बसला होता. तो उठून बायकांत गेला, बाळ उचललं आणि म्हणाला, "कुणी परत येत न्हाई. ही पैल्यांदाच आलीय. हिचं नाव हिचे आईबाप ठेवतील." त्याचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मुलीचं नाव आरोही ठेवलं.

मी मास्तर असून जे कधी बोललो नाही ते तो बोलला, हे मला सहन झालं नाही. घरी आलो, जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गेलो. तो मटकी निवडत होता. टीव्ही लावायला उठला तर मी त्याला बसवलं.

"आप्पा," मी म्हणालो, "तुझ्या कानामागं जे हाय ना, तो तीळ न्हाई."

"गोंदण हाय," तो म्हणाला. हात मटकीतच होते.

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"न्हाव्यानं सांगितलं. दाढीला बसलो होतो तवा म्हणला, आप्पा, तीळ हिरवा कसा? त्याच्या बायकोच्या हनुवटीला तसंच होतं. मग आज्जीला विचारलं. ती रडली आणि सगळं बोलली. पाय कुणी धरले ते बी."

"कधी?"

"पत्र आलं त्याच्या आधी पंधरा दिवस."

म्हणजे तो दारात उभा राहून विचारत होता तेव्हा त्याला सगळं माहीत होतं.

"मग मला कशाला विचारलंस?"

त्यानं सुपातला खडा उचलून बाहेर टाकला. "एकानं तरी तोंडानं म्हणावं म्हणून. आईला मी सांगूच शकत न्हवतो. पण एका माणसाला माहीत हाय की मी दुसरा हाय, माझा मी हाय, एवढ्यावर मी गेलो असतो, गुर्जी. आई चार दिवस उपाशी राहिली असती, मग जेवली असती. तुमी हायस म्हणलात. मला वाटलं, आज न्हाई तर उद्या म्हणतील. म्हणून ते सिनेमे आणत गेलो. दर वेळी विचारत गेलो. तुमी म्हणायचा, सिनेमा संपला असता."

"चुकलं माझं," मी म्हणालो. "माफ कर, आप्पा."

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. तो समजावल्यासारखं बोलला. "आज्जीचं मला कळतं. वत्सलामावशीचं बी कळतं, त्यांच्यामुळं तर जगलो. आईचं तर कळतंच, तिचं लेकरू गेलतं." मग पहिल्यांदा त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. "तुमचं काय गेलतं?"

उत्तर मला माहीत होतं. त्या मधल्या सुट्टीतही माहीत होतं. तू गेला असतास. गावात माझ्याशी रेडिओवर, ताऱ्यांवर, कशावरही दोन शब्द बोलणारा तू एकटा होतास, आणि तू औरंगाबादला गेला असतास तर मी या गावात एकटा पडलो असतो. म्हणून एका पोराचं आयुष्य मी माझ्या दुपारसाठी ठेवून घेतलं. एवढंसंच सांगायचं होतं. सदतीस वर्षांपूर्वी ते निघालं नाही, आणि आता तो समोर वाट बघत बसला तरी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

मग चार वाजले आणि दारात गिऱ्हाईक आलं. "गुर्जी, जरा सरका," तो म्हणाला, आणि मी सरकलो.

त्यानंतर त्यानं मला दुपारी बोलावलं नाही, आणि मीही गेलो नाही. तीन महिन्यांनी शिवगंगाला सासरी पोचवायला तो पुण्याला गेला आणि चार रात्री राहून आला. छप्पन्न वर्षांत त्यानं परगावी काढलेल्या पहिल्या रात्री. परत आल्यावर तो पेठेतल्या सगळ्यांना तिथल्या गोष्टी सांगत होता, आणि मी समोरच्या चहाच्या टपरीवर उभा राहून ऐकत होतो. ती पहिली रात्र कशी गेली, झोप लागली का, हे मला त्याला विचारायचं होतं. पण आता विचारायला मला तोंड नाही.